घाव सुकण्याआधी

बाबा, तुझ्या धाकट्याचा पाय वाचला, हे आधी सांगते. सुर्ल्याच्या वळणावर खनिजाच्या ट्रकाने त्याची स्कूटर ओढली आणि गुडघ्याखाली हाडावर मांसच उरलं नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जखम धुऊन हाडाला बाहेरून सळ्या लावल्या. मग प्लास्टिक सर्जरीची डॉक्टरीण आली, माझ्याहून लहान. म्हणाली, मांडीचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून हाड झाकायचं, आणि तेही याच आठवड्यात. उशीर झाला तर हाडात पू शिरतो.

आई ऐकेना. "आधी घाव सुकांदे गो. ह्येच्या बापाशीचो तसोच सुकवललो." आणि मला तू दिसतोस. बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर बसलेला, स्टुलावर पाय, पट्टी सोडलेली. कोणी काही बोललं की म्हणतोस, "जखमेक वारो लागांदे." खाणीवर टिपर उलटून फुटलेलं तुझं हाड आतून कुजत राहिलं आणि तू शेवटपर्यंत पाय ओढत चाललास.

"आजी, उघडं हाड सुकलं की मरतं. त्याला पांघरूण हवं," डॉक्टरीण आईला म्हणाली.

"पांघरूण? म्हणजे गोधडी शिवतलस?"

"तसंच समजा."

आई हसली, पण मला बाजूला ओढून म्हणाली, "देवाक इचारल्याशिवाय सई करू नको हां." पेडण्यात आपल्या देवळात सुतकामुळे कौल बंद होता. देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावून विचारायचं म्हणजे पुढचा आठवडा उजाडणार. मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

ऑपरेशन झालं. लावलेलं मांस गुलाबी, कोमट राहिलं, म्हणजे जगलं. कौल सुरू झाल्यावर आई गेलीच. गुरवाने विचारलं, आता काय विचारू? म्हणाली, "सई झाली ती झाली. पोरगो चलतलो मां, इतक्याच इचार." उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. घरी येऊन तिने असं सांगितलं, जणू ऑपरेशन तिनेच ठरवलं होतं.

आता तो कुबड्या घेऊन फाटकापर्यंत जातो. काल जेवताना आई म्हणाली, "आज तुमचो बापूस आसतो तर..."

"तर अजून सुकवत बसलो असतो," धाकटा म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

हा कागद मी त्यांना दाखवणार नाही. तू असतास तर मी तुझंच ऐकलं असतं, बाबा. तुझ्यासमोर मला कधी नाही म्हणता आलं नाही. सही करताना, तू नाहीस याचं मला क्षणभर बरं वाटलं.