न पाठवायचं पत्र

दि. ३ जुलै

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. घर क्रमांक चुकला होता, तरी पोचलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याची काळजी लागते, म्हणून तू लिहितेस हे बरं करतेस.

ठमी शाळा उघडल्यापासून एकदाही शाळेत गेली नाही, खोलीचं दार लावून बसते, हे वाचून ताट बाजूला सारलं. चौदा वर्षांची पोर. जेवते का? दाराला आतून कडी आहे का? असेल तर आजच काढून टाक. की नको, तिला राग येईल. तूच ठरव.

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटरवरच्या त्या समुपदेशक बाईंसमोर आजोबांनीही बसावं, हे मला मान्य नाही. मी सातवी पास माणूस. बत्तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं, चार वेळा कुत्रं चावलं, तरी कुणापुढे रडगाणं गायलं नाही. घरातली भांडी घरातच वाजावीत. मी बसणार नाही. नाही म्हणजे नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, माझ्या हट्टापायी कमी करू नकोस.

तुझा सासरा


दि. ९ जुलै

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

कडी तशीच ठेवली आहे. भांडी घरातच वाजताहेत बाबा, म्हणून तर आमचे कान किटले.

हे तुम्हाला सांगणार नव्हते. पण अर्धी बातमी दिली की उरलेली तुम्ही स्वतः तयार करता, आणि ती नेहमी जास्त वाईट असते. तर ऐका. शाळेत जात नाही म्हणून ह्यांनी ठमीच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून ती ह्यांच्याशी बोलत नाही आणि हे तिच्यासमोर येत नाहीत. ओट्यापाशी उभ्याने जेवतात. स्वतःच्या घरात हात खिशात घालून फिरतात.

गेल्या शनिवारी समुपदेशक बाईंनी ह्यांना विचारलं की हात उचलला त्या क्षणी काय आठवलं. हे एवढंच म्हणाले, टपालाच्या पिशवीचा पट्टा. मला त्यातलं काही माहीत नाही. तुम्हाला असणार.

एकोणीस तारखेला, शनिवारी दुपारी दोन वाजता, बाई तुमची वाट पाहतील. न आलात तर पडद्यावर तुमची चौकट रिकामी राहील, आणि ती तुमच्या मुलाला दिसेल.

लोभ तर आहेच, या वेळी हजेरीही असावी.

आपली सून


दि. १९ जुलै

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

आलो होतो, तू पाहिलंसच. माझं नुसतं कपाळ दिसत होतं म्हणे. मग त्याच वेळी सांगायचं की!

खालच्या झेरॉक्सवाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढून कॉम्प्युटर दिला. देताना डोळा मिचकावून विचारलं, या वयात डोक्याचा स्क्रू ढिला झाला का. मी त्याला सुनावलं, ढिला नाही, गंजलाय, म्हणून तेल घालायला आलोय; हवं तर दुकानावर तशी पाटी लाव. लाज वाटायची तेव्हा मला वाटली नाही, आता कशाला वाटेल?

बाई चांगल्या आहेत. पण शेवटी त्यांनी मला दिलेला अभ्यास मला पटलेला नाही. मुलाला पत्र लिहा, मनातलं सगळं लिहा आणि पाठवू नका, म्हणे. न पाठवायचं पत्र! पूर आला तेव्हा मी पिशवी डोक्यावर घेऊन गेलो होतो. बत्तीस वर्षांत एक कागद मागे ठेवला नाही. पत्ता घातलेलं पत्र घरात ठेवणं म्हणजे चोरी. याच चोरीसाठी मी पोटच्या पोराला फोडून काढलं होतं. आता तीच मी करू?

पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं. काय शिक्षा करायची ती करा म्हणावं.

आता मात्र पेटीपाशी दोनदा जाऊन आलो. त्याने वाचलं नाही तर? आणि वाचलं तर?

लोभात खंड नसावा.

तुझा सासरा


दि. १९ जुलै

चि. नानूस, अ. उ. आ.

तू अकरा वर्षांचा होतास. माझ्या पिशवीतलं एक कार्ड तुझ्या दप्तरात सापडलं. शेवटच्या गल्लीतल्या, शिवणकाम करणाऱ्या म्हातारीचं. एक दिवस उशीर झाला होता. मी पिशवीचा पट्टा सोडला आणि तुला मारलं. तुझी आई मध्ये पडली तेव्हा थांबलो.

पुढे आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की पोराला एकदाच मारलं आणि पोर सुधारलं. ते खोटं. तू सुधारला नाहीस, गप्प झालास. मला फरक कळत होता.

कार्ड का लपवलंस, हे मी विचारलं नाही. गावभर लोकांची खुशाली विचारत फिरलो, घरातल्या पोराला एक प्रश्न विचारायला सवड झाली नाही. चौतीस वर्षं उशिरा विचारतो. का लपवलंस?

खात्याचा नियम बरोबर होता. मी चुकलो.

लोभ मागायला तोंड नाही. उत्तर मात्र मागतो.

तुझा बाप


दि. २७ जुलै

ती. बाबांस, शि. सा. न.

पत्र मिळालं. ते पाठवायचं नव्हतं असं बाई म्हणाल्या. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय?

दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही, याचा तुम्हाला केवढा अभिमान. मी वाचायचो. त्या कार्डात शिवणवाल्या आजीचा मुलगा परमुलखात वारल्याचं लिहिलं होतं. तो येणार म्हणून तिने त्याच्यासाठी शर्ट शिवायला घेतला होता. शाळेतून येताना मला रोज दाखवायची. फक्त बटणं राहिली होती. मला वाटलं, बटणं तरी लावून होऊ देत. एवढंच.

पट्टा कदाचित विसरलो असतो. पण कार्ड देऊन तुम्ही घरी आलात आणि आईला म्हणालात, उशीर झाला म्हणून म्हातारी रडायला लागली. उशीर झाला म्हणून रडली नव्हती, बाबा.

ठमीला मारलं तेव्हा मीही ‘का’ असं विचारलं नव्हतं. तुमचं पत्र मी तिच्या दाराबाहेर बसून मोठ्याने वाचलं. मग एक चिठ्ठी दाराखालून आत सारली. मारलं ते चुकलं, शाळेत का जात नाहीस ते सांगशील का, एवढंच लिहिलं. चार दिवस झाले. दाराखालून काही आलेलं नाही. मी रोज तिथेच बसून जेवतो.

लोभाचं नंतर बघू. तब्येत सांभाळा.

नानू


दि. ४ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

नानूचं पत्र वाचून दोन दिवस चष्मा पुसतोय. ते कार्ड देऊन मी लगेच वळलो होतो. पुढची घरं राहिली होती.

तू कळवलंस की सातव्या दिवशी दाराखालून तीन पानं आली, नानूने ती वाचली, मग कडी वाजली, आणि बापलेक टेबलाशी समोरासमोर बसून जेवले. दोघं मिळून मुख्याध्यापकांना भेटायला जाणार, हेही वाचलं. पुढे त्या तीन पानांत काय होतं ते तू लिहायला लागलीस, तिथे मी कागद दुमडला. ते पत्र माझ्या नावाचं नव्हतं. ठमीला वाटलं तर ती मला लिहील. घर क्रमांक मात्र तिला नीट सांग.

समुपदेशक बाई रागावल्या, नानूची तयारी नसती तर जुना घाव उघडा पडला असता असं म्हणाल्या. त्यांचं बरोबर असेल. मी एकही शनिवार चुकवणार नाही, झेरॉक्सवाल्याने खुशाल गल्लीत दवंडी पिटावी. पण न पाठवायचं पत्र मला पुन्हा लिहायला सांगू नका. मी ते पोचवणारच.

आणि नानूला एक सांग. कार्ड एक दिवससुद्धा अडवायचं नाही, हे मी आजही म्हणतो, मरेपर्यंत म्हणेन. पण माहीत असतं, तर कार्ड हातात ठेवून वळलो नसतो. पिशवी खाली ठेवून तिच्या दारात बसलो असतो. राहिलेलं टपाल गेलं असतं उशिरा.

लोभ वाढवलात तर नको म्हणणार नाही.

तुझा सासरा