फोडणीची पळी

बुधवार, संध्याकाळ

माझ्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलचा दिवा आज पहिल्याच खेपेला साच्यातून अख्खा निघाला. काच बसवायची खाचसुद्धा स्वच्छ. आणि मला त्याच्याकडे पाहवत नाही.

घरात शिसं वितळवणार नाही, असं सुमनला कबूल केलं होतं. सकाळी ती धरमपेठेत भाजीला गेली आणि मी फोडणीची पळी घेऊन गॅसपाशी. पाच मिनिटांचं तर काम! पळी नंतर फेकणारच होतो. दिव्याच्या नादात ती ओट्यावर राहिली.

दुपारी पल्लवीनं, आमच्या सुनेनं, फोडणीचं वरण दोनदा मागून घेतलं. सहावा महिना आहे तिला. वाटी रिकामी झाल्यावर सुमन म्हणाली, "काहून जी, पळी एवढी काळी केली? घासता घासता हात दुखले माझे."

"तूप गरम केलं होतं," मी म्हणालो.

काहून बोललो असं? डॉक्टरांना विचारायला हवं. त्याआधी पल्लवीला सांगायला हवं, सुमनला सांगायला हवं. आणि मी इथं वहीत लिहीत बसलोय. पळी अजून तिच्या खिळ्याला टांगलेलीच असेल.

स्वयंपाकघरात मोहरी तडतडली. उठतो.