हनुवटीच्या खालचा फोटो

४ जून
वर्धापन अंकासाठी ‘वेणीफणी’चा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुने अंक चाळून राह्यले अन् आज ट्यूब पेटली — एकाही मुखपृष्ठावर चेहरा न्हाई! बायांचं सौंदर्याचं मासिक, अन् चेहराच न्हाई! नुसत्या वेण्या, गजरे, मेंदीचे हात. मी रोज इथंच अंकाची पानं लावते. येडीच मी!

५ जून
केशरबाईंना विचारलं. मासिक त्यांनीच काढलेलं. खो खो हसल्या. “अगं, जालन्यात तेव्हा मॉडेल कुठली! मी कॅमेरा घेऊन बाजारात, स्टेशनवर जायची. बाया खुशीनं उभ्या राह्यच्या. घरच्यांची अट एकच — तोंड छापायचं न्हाई. मंग फोटो पुरा काढायची, अन् छापताना हनुवटीच्या खाली कापायची.”
तरी अंक हातोहात खपायचे. बाया म्हणे नुसत्या वेणीवरून ओळखायच्या — ही तर आपल्या गल्लीतली दैवशाला! बाप रे, काय नजर!

६ जून
केशरबाई माझी वेणी बघत सहज म्हणाल्या, “तू बदनापूरची ना? आईचं नाव काय?” वंदना, म्हणलं. त्या उठल्या अन् श्रावणाचा एक जुना अंक काढला. खांद्यावरून पुढं घेतलेली जाड वेणी, तिच्यात अबोलीचा गजरा. वर काहीच न्हाई.
“ही तुझी आई.”
मी रांगत होते तेव्हा आई गेली. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. घरात तिचा एकबी फोटो न्हाई. बाबांना विचारलं की, “व्हती चांगली.” बस्स!
डबा तसाच राह्यला. वेणीच बघत बसले. माझे केस बिलकुल असेच आहेत.
“निगेटिव्ह असंल गं,” केशरबाई म्हणाल्या. “मी एकबी फेकली न्हाई.”

७ जून
सापडली!!

९ जून
स्टुडिओवाल्या तातेरावकाकांनी मोठा फोटो करून दिला. आई हसून राह्यलीय. तोंडभर! पुढचा एक दात वाकडा, नाकात मोरणी. देवा, इतकी सुंदर! घरी येताना रेल्वेत सगळ्यांसमोर रडले. लाज बी वाटली न्हाई.

१० जून
बाबांपुढं फोटो ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. मंग म्हणाले, “तोंड छापू नका म्हणून मीच अडून बसल्तो. लोकांनी बघू न्हाई म्हणून. अन् इतकी वर्षं तिचं तोंड मलाच आठवंना झाल्तं.”