चिकूवरून उतरवलेली तार

मसोली, मंगळवार, संध्याकाळ

अँटेनाची तार सकाळपासून खाली होती. चिकू काढायला आलेल्या जमनाबाईंनी ती सोडवून, गुंडाळून, सुतळीने बांधून ओट्यावर ठेवलेली. "काठी अडकत होती, सर." मला ते दिसलं साडेसहाला.

म्हणजे सहापासून अर्धा तास रेडिओच्या लाँगवेव्हवर मी जे संथ मोर्स पाठवत बसलो (इतकं संथ, की ते कानाने ऐकायचं नसतं, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रेघांत वाचायचं), ते खोलीबाहेरही गेलं नाही. ट्रान्समीटरवरच्या मीटरचा काटा हलत नव्हता. मला वाटलं, मीटरच बिघडलाय.

भेंडोळं हातात असतानाच उधव्याहून, तिथे माझं मोर्स पकडणाऱ्या मित्राचा, वसंताचा रोजचा फोन. "आज कालच्यापेक्षा स्वच्छ आलं रे. स्क्रीनवर रेघ न् रेघ दिसली."

मी नुसतं "बरं" म्हटलं.

दोन महिने तो हेच सांगतोय आणि मी वहीत रोज 'पोचलं' लिहितोय. त्यातलं एक तरी पोचलं होतं का? सुमन गेल्यापासून या एकट्या घरात माझी संध्याकाळ या एका गोष्टीवर निघते, हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच ना? मग रागावू तरी कुणावर?

सुतळीची गाठ सोडवलेली नाही. उद्या सहाला तरीही बसावं लागेल. नाही बसलो असं फोनवर सांगितलं, तर वसंता काळजीने इथे येईल, हे भेंडोळं त्याला दिसेल, आणि त्याचं खोटं मला कळलंय हे त्याला कळेल.