कोकीचं राहिलेलं कडवं

दोंडाईचा,
पाडव्यानंतरचा सोमवार

प्रिय दिपे,

पाकिटावर मी 'दिपमाला धुळेकर, गीतकार' असंच लिहिलं आहे, कारण जळगावच्या तुझ्या त्या फ्लॅटमध्ये दिपी नावाची कुणी राहते हे पोस्टमनला ठाऊक नसणार. आत मात्र तू दिपीच. मोबाइल असताना ही पत्र कसलं लिहिते म्हणून हसशील. हस. मोबाइलवर पाठवलं असतं तर तू अर्धं वाचून खाली दोन जोडलेले हात पाठवले असतेस आणि मोकळी झाली असतीस. अक्षर वाकडंतिकडं वाटेल. डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाही मला, म्हणून कोपऱ्यावर मिठाचा डबा ठेवून लिहिते आहे. का धरता येत नाही, ते तुला सांगायला नको.

ज्योत्स्नाचं एरंडोलला जमलं, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. माझी लेक मला जे सांगत नाही ते तुला इन्स्टाग्रामवर सांगते. मुलगा चांगला आहे, शाळेत मास्तर आहे, घरची केळी नाहीत पण कपाशी आहे. माणसं हसतीखेळती आहेत, आणि तिथेच माझं अडलं. साखरपुड्याला जेवणं झाली आणि मुलाच्या आत्याने, कुंदाबाईने, मोबाइल स्पीकरला लावून तुझं 'कोकी फिरी उनी' सुरू केलं. बायका उठल्या. ती स्टेप तुला माहीतच आहे, तुझ्याच व्हिडिओतली, दोन्ही तळवे वर करून पसरायचे आणि चुलीवरच्या तापल्या खापरावर मांडा टाकल्यासारखे पालथे घालायचे. मी कोपऱ्यात बसले होते तर कुंदाबाई माझ्यापुढे येऊन म्हणाली, "अवं विहीणबाई, तुमनंच गाणं शे नि तुम्हीच बशी राह्यनात?" आणि मला हाताला धरून उठवलं. डाव्याच हाताला. मी उठले, दिपे. मुलीची आई आहे, नाही कशी म्हणणार? उजवा तळवा पसरला, डावा अर्धाच उघडला, आणि सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम गंमत करते आहे. टाळ्या पडल्या.

मागच्या महिन्यात तुझी ती मुलाखत पाहिली. खुर्चीत मागे रेलून तू त्या पोराला आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, समजावून सांगत होतीस. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, शेवटच्या दिवशी नाल्याच्या दोन काठांवर दोन गावच्या पोरी उभ्या राहतात आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. झकास सांगितलंस. एवढंच सांगायचं विसरलीस की जिला शिवी दिली तिला उत्तर द्यायचा हक्क असतो, आणि दिवस मावळला की दोन्हीकडचं सगळं नाल्यात सोडून घरी जायचं असतं. दुसऱ्या दिवशी कुणी ती शिवी तोंडात घेतली तर आपल्या आया थोबाड फोडायच्या. तुझ्या आईने, ताईबाई काकूने, तुझंच एकदा फोडलं होतं. विसरलीस, की कार्यक्रमाचा वेळ संपला?

त्या वर्षीच्या आखाजीची मी तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण देते. लग्नाला चार महिने झाले होते आणि मी सासर सोडून आले होते, ज्योत्स्ना पोटात, डाव्या हाताला फडकं. घरी सांगितलं की मांडे करताना हात सटकला आणि मला तिथे करमत नाही. आबांनी विश्वास ठेवला असेल-नसेल, विचारलं नाही. खरं काय ते मी फक्त तुला सांगितलं, तुमच्या खळ्यामागे बसून, आणि तू आठ दिवस तिथेच रोज कोरफड कापून माझ्या तळव्याला लावलीस. तोवर सासरकडून माझ्या चालीबद्दल निरोप फिरायला लागले होते. आखाजीला पलीकडच्या काठावरून कोण काय बोलेल या भीतीने माझं पाणी पाणी झालं होतं. आणि त्या काठावरून तूच सगळ्यांच्या आधी पुढे आलीस. तुझा तो आवाज, धरणावरून हाक मारली तर दोंडाईच्याला ऐकू जाईल असा. तू म्हणालीस,

कोकी फिरी उनी व माय, कोकी फिरी उनी,
मांडा फाटना खापरवर, कोकी फिरी उनी.

दोन्ही काठ हसले. माझी आई हसली. कोकीला मांडे जमले नाहीत म्हणून कोकी परत आली, एवढंच गावात उरलं, आणि चालीबिलीचं कुणी पुन्हा काढलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं तू काय केलंस ते. म्हणून मी उत्तर दिलं नाही. तुझ्यावर जीव टाकला. पंचवीस वर्षं झाली, त्या दिवसाचं उत्तर अजून माझ्याकडेच आहे.

मग तू मोठी झालीस. धुळ्यात भूषणच्या स्टुडिओत पहिली कॅसेट निघाली तेव्हा माझ्याकडे टेप नव्हता, मी शेजारी जाऊन ऐकायची. नंतर सीडी आली, नंतर यूट्यूब आलं, आणि शिरपूरपासून रावेरपर्यंत एक हळद तुझ्या गाण्याशिवाय लागेना. चमकीचा घागरा, काळा चष्मा, डीजेच्या गाडीवर तुझा दहा फुटी फोटो. मला तुझी गाणी आवडायची नाहीत असं म्हणून मोकळी होता आलं असतं, पण आवडायची. अंगणवाडीच्या पोरांनाही शिकवली मी. फैजपूरच्या कार्यक्रमाला तर मी तुला न सांगता आले होते, बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत. दुसऱ्याच गाण्यात तू तोंड मिटलंस आणि तुझा आवाज मात्र पेनड्राइव्हमधून चालूच राहिला. लोकांना कळायला थोडा वेळ लागला. मग शिट्ट्या, मग चपला. तुला गळा धरून खाली बसलेली बघून मी ओक्साबोक्शी रडले होते. ते रडणं आता परत घ्यावंसं वाटतं.

घशातल्या गाठी काढल्या आणि डॉक्टरांनी तुझं बोलणं बंद केलं, तेव्हा जळगावला कोण आलं होतं? चमकीचे घागरे शिवणारे नव्हते आले, भूषण एकदा नारळपाणी ठेवून गेला. मी अंगणवाडीत रजा टाकून आठ दिवस राहिले. तुला मऊ भात भरवला, तुझे केस विंचरले. तू वहीत लिहून विचारलंस, मी आता काय करू? मी म्हटलं, दिपे, लिही. आखाजीला उभ्या उभ्या जोडायचीस ना, तसं लिही, गाऊ दे दुसऱ्या कुणाला. तू वहीत माझं नाव लिहून त्याभोवती फुलं काढलीस. मी वेडी, खूश झाले.

तर तू लिहायला बसलीस आणि पहिलं काय लिहिलंस? तुझ्याकडे अख्खं आयुष्य होतं लिहायला. तुझा तो घागरा होता, फैजपूरच्या चपला होत्या, भूषणचं नारळपाणी होतं. त्यातलं काही सुचलं नाही. तुला माझा मांडा सुचला. नवी पोरगी गायली, चार कोटी लोकांनी पाहिलं, आणि आवाज गेलेली दिपमाला रातोरात खान्देशाची गीतकार झाली. आता म्हणे गाणं मागायला पोरं जिन्यात रांग लावतात. लावू देत. मी तुला फोन केला तेव्हा तू घोगऱ्या आवाजात म्हणालीस, कोके, प्रेमाने लिहिलंय गं, तुला अमर केलं. मी फोन ठेवला. एका दिवसापुरतं पांघरूण घातलं होतंस माझ्यावर, तेच ओढून घेऊन तू दुकानात टांगलंस, आणि वर म्हणतेस प्रेम.

तुला माहीत नसेल, अंगणवाडीच्या पगारात भागत नाही म्हणून मी लग्नकार्यात खापरावरचे मांडे करून देते. होय, मांडेच. डावा हात पुरता उघडत नाही तर मनगटावर आणि कोपरावर पसरायला शिकले, आणि माझ्यासारखा पातळ मांडा या तालुक्यात कुणाचा होत नाही, हे मी स्वतःच सांगते. तरी तुझं गाणं आल्यापासून आठ वर्षं प्रत्येक मांडवात कुणीतरी विचारतंच, कोकीताई, फाटणार नाही ना? बँकेत साहेब विचारतो. एकदा हाताचे ठसे घेताना अंगठ्याचा नीट उमटेना तर बाई म्हणाली, मांडे करून करून झिजला वाटतं. मी प्रत्येक वेळी हसते. तुझ्या गाण्याने मला तेवढं शिकवलं.

आणि ज्योत्स्नाला ते गाणं आवडतं. कॉलेजात ती ऐटीत सांगायची, त्या गाण्यातली कोकी माझी आई. माझ्या हाताबद्दल लहानपणी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, तेल उडालं. तिच्या तिकडच्या आजीचं नाव मी तिच्यासमोर कधी वाईट घेतलं नाही, की पोरीला वाटायला नको आपण कुणाच्या रक्ताचे आहोत. आता तिनेच तुला हळदीला बोलावलं आहे आणि तू येते म्हणालीस. म्हणे तू स्वतः माइक घेऊन, निघेल त्या आवाजात, कोकी म्हणणार आणि मला मधे घेऊन नाचवणार, आणि एरंडोलची सगळी विहीणमंडळी तळवे पसरणार. माझी लेक हे सांगताना आनंदाने उड्या मारत होती. मी खिचडीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, वा.

म्हणून लिहिते आहे. हळदीच्या आधी आखाजी येते. त्या दिवशी ज्योत्स्ना माझ्यासोबत नाल्यावर असेल, मीही असेन, आमच्या काठाला. तू तुझ्या काठाला ये. नाल्याला आता पाणी नसतं, बारीक आवाजही पलीकडे जातो, माइकबिइक आणू नकोस. तू तुझं गाणं मांडा फाटण्यापाशी थांबवलंस. पुढचं कडवं माझ्याकडे आहे, तुझ्याच चालीवर बसतं:

मांडा फाटना म्हनीसन सासूनी धरा हात,
खापरवर दाबी धरा, दिपीले माहीत.

ते मी दोन्ही गावांसमोर म्हणणार आहे, माझी लेक ऐकत असताना. तिला माझ्या तोंडून कळेल, आणि तुझ्याकडे बघत कळेल. तुला उत्तर द्यायचा हक्क आहे, तो मी काढून घेणार नाही. गाता येत नसेल तर लिहून आण. मी नाला ओलांडून तुझ्या काठावर येईन आणि तू मला लिहून आणलेली शिवी तुझ्या बाजूने मीच गाईन, एक शब्द न गाळता. दिवस मावळला की सगळं तिथेच सोडायचं, मग हळदीला मावशी म्हणून ये, पोरीला पहिली हळद तू लाव. आणि आखाजीला आली नाहीस, तर हळदीलाही येऊ नकोस. दारात आलीस तर मी डावा हात पुढे करीन, सगळ्यांसमोर, आणि तुलाच सांगायला लावीन की हा असा कशाने झाला.

अजून तरी तुझीच,
कोकी