अकरा घरांचा अंदाज

१४ मार्च

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही ठीक आहोत. पोरीचा पुढचा दात पडलाय, ह्यांची बदली टळली. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र तीनदा फाडून झालंय.

कामाचंच सांगते. कमाईचा तिसरा हिस्सा भाड्यातच जातो अशी घरं कुठल्या वस्तीत किती, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे होतं. जिथे जास्त, तिथे सरकारी भाडेमदत. दारोदार जाणं शक्य नसतं. थोड्या घरांना विचारायचं, उरलेलं आसपासच्या वस्त्यांवरून जुळवायचं. तुमच्या वस्तीतली फक्त अकरा घरं हाती लागली. त्यातली सात अडचणीत. पण अकरा घरांवर गणित विसंबत नाही, ते शेजाऱ्यांकडे झुकतं. तुमचे शेजारी म्हणजे तलावाकाठचे नवे बंगले! आकडा घसरला आणि तुमची वस्ती मदतीच्या यादीतून गळली.

साहेबांनी विचारलं होतं, "या आकड्याबद्दल काही शंका?"

मी म्हणाले, "नाही."

शंका होती, ताई. जानेवारीत तुझ्याकडे आले तेव्हा आतल्या खोलीला परकं कुलूप होतं. "सामान ठेवलंय कुणाचं तरी," म्हणालीस. बाहेर पुरुषाच्या चपला होत्या. तू खोली पोटभाड्याने दिलीस हे मला कळलं होतं. पण मी बोलले असते तर बहिणीसाठी आकडे फिरवले असं लोक म्हणाले असते. आणि माझी बढती तोंडावर होती. खरं कारण हेच.

काल मी तुझ्या घरी आले होते. दार अनोळखी बाईने उघडलं. "त्या महिन्यापूर्वीच गेल्या. काम करतात त्या शाळेतच राहतात म्हणे, पुस्तकांच्या खोलीत."

शाळेच्या फाटकापर्यंत आले. तू मागच्या नळावर बादली भरत होतीस. हाक मारायचा धीर झाला नाही. परत फिरले.

आज सकाळी साहेबांना सगळं लेखी दिलं.

"आता? यादी छापून गेली!"

"मग मी चुकले असंही छापा."

ते काम माझ्याकडून काढून घेतलंय. पण वस्तीत नव्याने शंभर घरं विचारणार आहेत. त्यांत तुझं घर नसेल, याने जीव थाऱ्यावर नाही.

शनिवारी दुपारी टेम्पो घेऊन येतेय. आमच्याकडे चल. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण माझ्या तोंडावर म्हण.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
धाकटी