एका घरात चार

२९ ऑगस्ट २००४
नानिकशेठ चक्क नाही म्हणाले नाहीत. त्यांचे लुडो-सापशिडीचे पट मी कामाला असते त्या प्रेसमध्येच छापायला येतात, म्हणून धीर करून उल्हासनगरला त्यांच्या दुकानात गेले आणि माझा लढाईचा पट दाखवला. लाल फौज, निळी फौज, किल्ला निळ्याकडे, चाल पाळीपाळीने. म्हणाले, "बेटा, लूडो में कौन जीतेगा कोई भरोसा नहीं. इसमें एक ही साइड जीतती रही, तो डिब्बा वापस आएगा." दसऱ्याआधी नीट जमलं तर दिवाळीच्या मालात छापणार. डब्यावर माझं नाव. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

३१ ऑगस्ट
बाबांबरोबर पहिला डाव. कंपनी बंद पडल्यापासून टीव्हीसमोर बसून असतात, म्हणून मुद्दाम ओढलं. त्यांनी लाल घेतला, सगळ्या सोंगट्या एकाच घरात रचल्या आणि तो ढीग सरळ किल्ल्यात घुसवला. मी खलास. पुढच्या डावात पुन्हा तेच. "नियमात कुठे नाही म्हटलंय?" म्हणे. प्रेसच्या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेममध्ये मीही असाच ढीग करते, तेव्हा मजा वाटते. इथे राग आला.

२ सप्टें.
नवा नियम: एका घरात तीनच. आता किल्ला पडतच नाही. किल्ल्याच्या भिंतीचे जादा गुण ठेवले की निळा जिंकतो, काढले की लाल. डोकं आउट.

५ सप्टें., रवि.
शेजारच्या लताकाकू वि. बाबा. काकूंनी हळूच चौथी सोंगटी घुसवली.
"लताबाई, तीनच."
"बसेल हो. सरकवा थोडं."
आणि बाबांनी सरकवलं! वर स्वतःही चार बसवल्या. मी ओरडले, तर काकू म्हणतात, "घर एवढं मोठं केलंयस, मग काय?" आपल्या लोकांना तीन सांगा, चौथा बसवणारच. चिडून पट गुंडाळला. पण खरं सांगायचं तर आजवरचा सगळ्यात रंगलेला डाव तोच होता.

९ सप्टें.
सापडलं सापडलं सापडलं.
स्टेशनवरून शेअर रिक्षा. मागे आम्ही तिघी, चौथा ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा बाहेर. माझ्या शेजारची बाई म्हणाली, जरा पळवा की. तर ड्रायव्हर म्हणतो, "चौथी सीट घेतली की हळूच न्यायला लागते, ताई. पलटी झाली तर सगळेच जाणार." मी एवढी विचारात, की माझा बुवापाड्याचा स्टॉप मागे गेला. चालत परत आले, अख्खा रस्ता एकटीच हसत.
रि. नि. (रिक्षा नियम): चौथा चालेल. पण चौघं असले की दोनऐवजी एकच घर पुढे. तिघं हरले तर एक बाद, चौघं हरले तर चारही बाद. किल्ल्यातही हेच.

१२ सप्टें., रवि.
दिवसभर खेळ. लाल, निळा, निळा, लाल, निळा, लाल. जमतंय! बाबा चौथी सोंगटी हातात घेऊन विचार करत बसतात. टीव्ही बंद. आई म्हणाली, "जेवून घ्या, लढाई पळून जात नाही." बाबा म्हणाले, "थांब गं, माझी चाल आहे." आईने ताटांवर झाकण ठेवलं. किती महिन्यांनी बाबांनी कुणाला थांब म्हटलं. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

२६ सप्टें., रवि.
आज पट घेऊन शेठच्या दुकानात.
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर आले. शेठ मला म्हणाले, "तूने बनाया है, तू नहीं. पापा खेलेंगे." शेठ लाल, बाबा निळे. मी बाबांच्या कानात सांगितलं, त्यांना जिंकू द्या. बाबांनी ऐकलंच नाही. जिंकले.
शेठ म्हणाले, "देखा? किल्ला जिसका, जीत उसकी." बाबा शांतपणे म्हणाले, "साइड बदली करो."
आता बाबा लाल. हरले तर शेठचं म्हणणं खरं. जिंकले तर शेठ दोनदा हरले, तेही स्वतःच्या दुकानात. कुणाच्या बाजूने देवाचा धावा करायचा, तेच कळेना.
बाबांची चौघांनी भरलेली रिक्षा एकेक घर करत किल्ल्याला भिडली. आत शेठचे तिघं. शेठनी चौथी सोंगटी उचलली. बसवली तर ताकद वाढते, पण पडली तर सगळे गेले. ठेवायला गेले, परत उचलली. गिऱ्हाईक ताटकळलेलं. शेवटी पटावर लुडोचं मोठं खोकं पालथं घातलं आणि नोकराला दम दिला, "कोई हाथ नहीं लगाएगा." मग बाबांना म्हणाले, "साईं, कल आना. मेरी चाल है."
सोंगटी त्यांच्याच खिशात गेली.
छापणार का, हे विचारायचं राहूनच गेलं. येताना बाबांना म्हटलं, उद्या काय होईल? म्हणाले, "तो चौथा बसवतो का बघू." उद्याचा शर्ट त्यांनी आत्ताच काढून ठेवलाय.